ट्राउट आहे, म्हणून पाणी शुद्ध आहे?

हिमाचल प्रदेशातलं तीर्थन खोरं पुण्या-मुंबईच्या पर्यटकांना आता नवं राहिलेलं नाही. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या उंच डोंगरांतून निघालेली तीर्थन नदी गुशैणी, बंजारवरून खाली उतरते आणि लारजीजवळ बियासला मिळते. पाणी इतकं नितळ, की डोहाच्या तळाचे गोटे काठावरून मोजता यावेत. होमस्टेत उतरलेला पाहुणा सकाळी ओंजळ भरून ते पितो. कोणी हटकलंच तर उत्तर तयार असतं: "अहो, इथे ट्राउट आहेत. हा मासा घाण पाण्यात जगतच नाही."

हे वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त फसवं आहे. ट्राउटला थंड आणि प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. दहा अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेच पाणी ३० अंशांवर गेलं की जेमतेम साडेसात. तापमान २५ अंशांच्या आसपास टिकून राहिलं, तरी इथल्या ब्राउन ट्राउटच्या जिवावर बेततं. तेव्हा ट्राउट दिसला, तर पाणी थंड आहे आणि त्यात प्राणवायू भरपूर आहे एवढं खात्रीने म्हणता येईल. हगवण, कावीळ, विषमज्वर यांच्या जंतूंचं काय? हे रोग माणसाचे. त्यांचे जंतू पाण्यात असले, तरी मासा मजेत पोहत राहतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं, की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू एकही सापडता कामा नये. तो डोळ्यांना दिसत नाही, पाण्याचा रंग बदलत नाही, वासही येऊ देत नाही.

"वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं" हा समज तर आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे. नदी स्वतःला साफ करते, हे खरंच आहे. सूर्यप्रकाश, प्राणवायू आणि पाण्यातले सूक्ष्मजीव मिळून सेंद्रिय घाण हळूहळू संपवतात. पण त्याला वेळ लागतो आणि अंतरही लागतं. डोंगरी नदी एका गावाचं सांडपाणी काही मिनिटांत पुढच्या गावाच्या दारात नेऊन सोडते. शिवाय विष्ठेतले अनेक जंतू कोमट पाण्यापेक्षा थंड पाण्यात जास्त दिवस तग धरतात. म्हणजे ज्या गारव्यामुळे तिथे ट्राउट जगतो, तोच गारवा जंतूंनाही जगवतो. पाहुण्यांनी ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी.

खोऱ्यात कारखाना नाही, म्हणून प्रदूषणही नाही, असं धरून चालणंही चुकीचं. गावाकडच्या नदीत घाण एकाच मोठ्या नळातून येत नाही, ती शंभर ठिकाणांहून झिरपते. काठालगतच्या खोल्यांचे शोषखड्डे, बागांवरची फवारणी, गुरांचं शेण, पर्यटकांचं प्लास्टिक, सगळं उताराने नदीकडेच येतं. नदीकाठची जमीन गोट्यांची आणि वाळूची असेल, तर मैलापाणी तिथे गाळलं जात नाही, सरळ खाली उतरतं. तीर्थनच्या प्रत्येक होमस्टेकडे बोट दाखवायचं कारण नाही. काहींनी व्यवस्था नीट केलेली असते. पण खोल्या वाढल्या की मैलाही वाढतो, हा हिशेब कोणाला चुकत नाही.

मात्र ट्राउटच्या नदीचा सगळ्यात मोठा शत्रू बहुतेकांच्या यादीतच नसतो. तो म्हणजे साधी माती.

ब्राउन ट्राउटची मादी हिवाळ्याच्या तोंडाशी उथळ, खळाळत्या पाण्यात जागा निवडते. कुशीवर आडवी होऊन शेपटीचे फटकारे मारते आणि तळातल्या खड्यांत खळगा करते. त्यात अंडी घालते, नर ती फळवतो, मग वरच्या अंगाचे खडे उडवून ती अंडी झाकते. पाच अंशांच्या पाण्यात ती उबायला अडीच-तीन महिने लागतात. तेवढा काळ अंड्यांना प्राणवायू मिळतो तो खड्यांमधल्या फटींतून वाहणाऱ्या पाण्यातूनच. रस्तारुंदीचा राडारोडा उतारावरून नदीत ढकलला, की बारीक गाळ या फटींत बसतो आणि अंडी जागच्या जागी गुदमरतात. वरून पाणी पुन्हा निवळलेलं असतं, काठावरचा फोटोही सुरेख येतो, फक्त त्या वर्षीची पिल्लं जन्मलेली नसतात. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते ती याच विणीसाठी. गळाला बंदी आणि ढिगाऱ्याला मोकळीक असेल, तर त्या बंदीचा उपयोग काय?

लहान जलविद्युत प्रकल्पांविषयीही असाच गोड गैरसमज आहे: धरण नाही, जलाशय नाही, मग नुकसान कसलं? या प्रकल्पांत नदीचं पाणी बोगद्यात किंवा नळात वळवतात आणि खाली वीजघरापाशी परत सोडतात. मधला पट्टा कोरडा पडतो किंवा त्यात बारीक धार उरते. बारीक धार उन्हाने लवकर तापते आणि त्यातला प्राणवायू घटतो. तीर्थनवरही असे प्रकल्प येऊ घातले होते. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब यांच्यासह स्थानिकांनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयापर्यंत झुंज दिली आणि खोरं त्यातून वाचलं. आज पर्यटक जी नितळ नदी पाहतात, तिच्यामागे ही लढाई आहे.

आणि ज्याच्या नावाने ही नदी ओळखली जाते, तो ट्राउट तरी मूळचा इथला आहे का? नाही. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास त्याची अंडी स्कॉटलंडहून काश्मिरात आणली आणि १९०९ मध्ये तो कुलू भागात पोचला. इथला मूळ रहिवासी म्हणजे स्नो ट्राउट, जो नावाने ट्राउट असला तरी रोहू-कटल्याच्या कुळातला आहे. तो आज जागतिक लाल यादीत असुरक्षित गणला जातो. ब्राउन ट्राउट त्याच्याशी जागेसाठी आणि अन्नासाठी स्पर्धा करतो, त्याची पिल्लंही खातो. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत ब्राउन ट्राउटचं नाव आहे. त्यामुळे ट्राउट भरपूर असलेली नदी निरोगी असेलच असं नाही. नदीतले मूळचे जीव टिकून आहेत का, हेही पाहावं लागतं.

मासे कमी झाले की हॅचरीतली पिल्लं सोडा, हा उपाय सगळ्यांना आवडतो. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याने नेमकं उलटं केलं. मॅडिसन नदीच्या अभ्यासात दिसलं, की पाळीव मासे सोडणं थांबवल्यावर रानटी ट्राउट वाढले. त्यानंतर १९७४ पासून तिथे वाहत्या नद्यांत ट्राउट सोडणं बंद झालं. तीर्थनला तो निर्णय जसाच्या तसा लागू होणार नाही, पण नदीच्या तळात अंडी जगत नसतील, तर वरून पिल्लं ओतून फार काळ निभाव लागत नाही.

नदीची तब्येत फक्त प्रयोगशाळेतच कळते, हाही समज सोडायला हवा. प्रयोगशाळेतला नमुना त्या एका क्षणाचं पाणी सांगतो. रात्री सोडलेली घाण दुपारच्या बाटलीत सापडेलच असं नाही. तळातले किडे मात्र महिनोन् महिने तिथेच मुक्काम करून असतात. खळाळातला एक गोटा उलटा करून पाहावा. तीन शेपट्यांची, पोटाच्या कडेने कल्ले हलवणारी मेफ्लायची अळी, दोन शेपट्यांची स्टोनफ्लाय, वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहणारी कॅडिसफ्लाय हे तिघे भेटले, तर प्राणवायूची स्थिती चांगली आहे. ते गायब होऊन नुसते लाल गांडुळासारखे किडे वळवळत असतील, तर वर कुठेतरी घाण मिसळते आहे. हीच पारख सह्याद्रीतल्या ओढ्यालाही लावता येते. पाहून झाल्यावर गोटा होता तसाच परत ठेवावा.

तीर्थनला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी जरूर कराव्यात. पिण्याचं पाणी उकळी फुटल्यावर निदान मिनिटभर तसंच उकळू द्यावं. आणि खोली ठरवताना नदी खिडकीतून दिसते का, याच्या आधी संडासाचं पाणी कुठे जातं, हे मालकाला विचारावं. मालकाने टाकी दाखवली, तर तिथे राहावं. नदीकडे हात केला, तर दुसरी जागा बघावी.