पक्कड घ्यावी पारखून!

आधी एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'प्लायर'ला मराठीत 'पक्कड' म्हणतात हे मला सेकंड इयरला वर्कशॉपमध्ये कळलं. तोपर्यंत पक्कड म्हणजे कुस्तीतली, एवढंच माहीत! तेव्हा भाषेच्या चुका पोटात घाला.

तर गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. होस्टेलवर माझ्या एक्स्टेंशन बोर्डची वायर प्लगजवळ जळाली होती. तेवढा तुकडा कापून नवा प्लग लावायचा, पाच मिनिटांचं काम. मी गडचिरोलीच्या आठवडी बाजारातून ८० रुपयांची पक्कड आणली होती. लालभडक मूठ, दिसायला एकदम झकास. त्या संध्याकाळी लाईन गेली. गडचिरोलीत पावसाळ्यात लाईन जाणं काही नवीन नाही, जंगलातल्या तारेवर एक फांदी पडली तरी पुरे. मी म्हटलं, चला, आता करंट नाही, कापून टाकू. प्लग सॉकेटमध्येच होता आणि बटणही चालूच होतं.

मेणबत्तीच्या उजेडात पक्कड दाबली तर वायर कापेचना! वरचं प्लास्टिक कापलं गेलं, पण आतल्या तांब्याच्या बारीक तारा पात्यांमध्ये नुसत्या चपट्या होत होत्या. मी आपली दाबतेय, फिरवतेय, पुन्हा दाबतेय. आणि तेवढ्यात लाईन आली.

भडाम! निळा जाळ, मैत्रिणीची किंकाळी आणि पुन्हा अंधार. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकाच पात्यात होत्या, म्हणजे शॉर्ट सर्किट मीच हातात धरून बसले होते. एम.सी.बी. पडला म्हणून बरं. मेणबत्तीत पाहिलं तर पात्याला अर्धचंद्रासारखी खाच पडलेली, आणि एका बाजूची लाल मूठ निम्मी सरकून खालचं लोखंड उघडं. माझं बोट त्या लोखंडापासून जेमतेम एक सेंटिमीटरवर होतं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या काकांना पक्कड दाखवली. ते म्हणाले, "काहून वं पोरी, प्लग काढता नाही आला? आणि हे वायर कापाची पक्कड नाही, खिळे उपटाची आहे!" मग त्यांनी स्वतःची पक्कड काढली. जुनी, मळकी, पण पात्याला एकही खाच नाही. "खाच म्हणजे चालू लाईन कापल्याची पावती," असं त्यांचं म्हणणं.

पक्कड कशी पारखायची हे त्यांनीच शिकवलं. बंद करून उजेडासमोर धरायची. पात्यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली, तर ती पाती तार कापणार नाहीत, चावणार! दुकानात जाताना खिशात वायरमधली एक बारीक तार न्यायची आणि पात्याच्या टोकाला, मध्ये आणि बुडाशी, तिन्ही ठिकाणी कापून बघायची. माझी जुनी पक्कड फक्त बुडाशी कापायची. मग एक मूठ धरून दुसरी आडवी हलवायची. रिव्हेटपाशी खडखडली तर आत्ताच ढिली आहे, सहा महिन्यांनी पाती एकमेकांसमोर येणारच नाहीत. उलट इतकी घट्टही नको की एका हाताने उघडत नाही.

साइजचं गणित तरफेचं. रिव्हेटपासून हाताची पकड १२ सेंटिमीटरवर आणि तार दीड सेंटिमीटरवर, म्हणजे जोर आठपट. म्हणून जाड तार बुडाशी कापायची. बाजारात साधारण ६, ७ आणि ८ इंची मिळतात (१६५, १८५ आणि २१० मि.मी.). मुलं मोठीच उचलतात. पण आठ इंची उघडली की माझी बोटं दुसऱ्या मुठीपर्यंत नीट पोचत नाहीत, मग लांब दांड्याचा फायदा काय? मी सात इंची घेतली, नाशिकच्या तापारियाची. दीड-अडीच स्क्वेअर एम.एम.च्या घरगुती वायरला ती भरपूर होते. सोलण्यासाठी मात्र वेगळा स्ट्रिपर घ्या. पक्कडीने सोलताना दोन-चार तारा तुटतात, उरलेल्यांवर सगळा करंट येतो आणि जोड तापतो. माझा प्लग जळाला होता तो असाच!

आता मूठ. लाल प्लास्टिक म्हणजे इन्सुलेशन, हा माझा गैरसमज त्या रात्री सरकून गेला. साधी मूठ हाताला आराम म्हणून असते. चालू लाईनसाठी बनवलेल्या हत्यारांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आय.ई.सी. ६०९००. त्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं छापलेलं असतं, आणि प्रत्येक हत्याराची १०,००० व्होल्टला चाचणी होते. आपल्या घरात २३० व्होल्ट. पण मूठ चिरली की ती खूणही कामाची नाही, वर टेप गुंडाळून भागत नाही. आणि होस्टेलवर आपल्याला चालू लाईनवर काम करायचंच कशाला? प्लग काढायचा, तो दिसेल असा समोर ठेवायचा, मग पक्कड हातात. लाईन गेली आहे म्हणजे बंद आहे असं नाही, ती कधीही येते.

जुनी खाचवाली पक्कड मी फेकली नाही. मेसमधल्या लोणच्याच्या बरणीचं झाकण तिनेच उघडतं.