बाळंतिणीची वेदना आणि औषधांच्या पायऱ्या

प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावताना येणाऱ्या कळा, टाक्यांचे दुखणे आणि सिझेरियनची जखम यांची कारणे निरनिराळी असल्यामुळे डॉक्टर एकाच तीव्र औषधावर विसंबत नाहीत, तर भिन्न रीतींनी काम करणारी औषधे पायरीपायरीने योजतात. या पद्धतीला बहुविध वेदनाशमन म्हणतात. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉल आणि दाह कमी करणारे आयबुप्रोफेन असते. ही दोन्ही दुधात अत्यल्प प्रमाणात उतरतात, मात्र मूत्रपिंडाचा विकार वा जठरव्रण असल्यास आयबुप्रोफेन टाळले जाते. एवढ्याने भागले नाही, तरच ओपिऑइड, म्हणजे अफूवर्गीय औषध, अल्प मात्रेत व थोडे दिवस दिले जाते. या औषधांपैकी कोडीनचे यकृतात मॉर्फिन बनते, आणि काही स्त्रियांमध्ये हे रूपांतर घडवणारे विकर जन्मतःच अतिक्रियाशील असल्याने दुधावाटे बाळाला गुंगी येऊन त्याचा श्वास मंदावू शकतो. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१७ मध्ये स्तनदा मातांनी कोडीन व ट्रामाडॉल हे दुसरे ओपिऑइड घेऊ नये, असा इशारा दिला. वेदना आटोक्यात असली, तर आई बाळाला नीट पाजू शकते आणि लवकर हिंडूफिरू लागते. त्यामुळे तिचे दुखणे लक्षपूर्वक ऐकून घेणे हा उपचाराचाच भाग ठरतो.