रुचीचा रकाना



पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रिया निद्रानाश, अरुची, भ्रम, छातीत जडपणा अशा तक्रारी घेऊन आपल्याकडे वरचेवर येतात. रजोनिवृत्तीचा काल आणि वाताचे प्राबल्य ध्यानी घेऊन आपण अभ्यंग, बस्ती, शतावरी, अश्वगंधा यांची योजना करतो. बहुधा उपशय मिळतो. ज्या रुग्णेला तो पुरेसा मिळाला नाही, तिच्याविषयी हे लेखन. तिची अनुमती घेतली असून ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय 51. पती निवर्तून सहा वर्षे झालेली. मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला, मुलगी सासरी. घरी त्या एकट्या. हिमोग्लोबिन, रक्तशर्करा, थायरॉईड, ईसीजी सर्व प्राकृत. दोन महिन्यांच्या चिकित्सेने झोप थोडी सुधारली, अरुची मात्र तशीच राहिली. तेव्हा आम्ही केसपेपर पुन्हा पाहिला. ‘रुची’ या रकान्यात आमच्याच अक्षरात लिहिले होते : ‘सर्व चालते.’

‘चालते’ हे रुचीचे उत्तर नव्हे, हे आम्हांला तेव्हा उमगले. पुढच्या भेटीत विचारले, “ताई, तुम्हांला काय आवडतं?”

“मुलाला भरली वांगी आवडतात. ह्यांना गोड लागायचं.”

“आणि तुम्हांला?”

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. डोळे भरून आले. ते पदराने टिपून “काही नाही, डॉक्टर” म्हणत त्या हसल्या.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. त्यांत बाष्प, म्हणजे अश्रूही आहे. त्याच्या धारणाने होणाऱ्या विकारांत प्रतिश्याय, नेत्ररोग व हृद्रोग यांबरोबर अरुची आणि भ्रम यांचीही गणना आहे. क्षुधा आणि निद्रा हेही त्याच तेरांतले. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले जेवणारी, सर्वांच्या आधी उठणारी आई हे तिन्ही वेग तीस वर्षे अडवीत असते आणि आपण त्याला सोशिकपणा म्हणून गौरवितो.

आम्ही औषधांची मात्रा निम्मी केली आणि एक वही लिहावयास सांगितली : दिवसभरात केवळ स्वतःच्या आवडीने केलेली एक गोष्ट. पहिल्या आठवड्यात पाने कोरीच आली. दुसऱ्या आठवड्यात नोंद होती : ‘भाजणीचे थालीपीठ, खमंग, एकटीसाठी.’ पुढे मोगऱ्याचा गजरा आला. विकत घेऊन पिशवीत लपवून आणला आणि दार लावून माळला. लग्नापूर्वी सुटलेली पेटी पुन्हा सुरू झाली. अन्नाला चव आली. याच सुमारास मुलाचा फोन आला : “आई बदलल्यासारखी वाटते. औषध जास्त तर होत नाही ना?” आम्ही सांगितले, औषध कमी केले आहे.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी आमच्या सहकारी वैद्यांजवळ अडखळत विचारले, “रात्री कुणीतरी जवळ असावं असं वाटतं. नुसतं मनालाच नाही, देहालाही. या वयात हे पाप म्हणायचं की आजार?”

सुश्रुतांनी आर्तवाचा काल बारा ते पन्नास वर्षांचा सांगितला आहे. पन्नाशीत क्षय होतो तो आर्तवाचा. इच्छेला त्यांनी तेथे मर्यादा घातलेली नाही. चरकांनी तर शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात इच्छेची गणना आत्म्याच्या लिंगांत केली असून ही लिंगे जिवंत माणसातच आढळतात, मृतात नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून आमच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले : पापही नाही, आजारही नाही. पुढे काय करावयाचे, सहचर शोधावा की न शोधावा, हा निर्णय त्यांचा. तेथे वैद्याने, मुलांनी वा समाजाने अनुपान सुचवू नये.

वही हा सर्वांसाठीचा योग नव्हे. विषाद खोल असेल, जगणे नकोसे झाल्याची भाषा असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव झाल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी प्रथम, आपली चिकित्सा नंतर.

त्या ताई अजूनही अधूनमधून अभ्यंगासाठी येतात. झोप चांगली आहे. सहचराविषयी त्यांनी काही सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. त्यांच्या केसपेपरवरील जुना शब्द खोडून आम्ही तेथे लिहिले आहे : ‘तिखट, खमंग, मोगरा, पेटी.’ आपल्याकडील केसपेपरांतही हा रकाना एकदा तपासून पाहावा, ही नम्र विनंती.