फुलांची थरचित्रे : कला आणि नोंद यांतील सीमारेषा

चंदीगडच्या सेक्टर 16 मध्ये 1967 साली झाकिर हुसेन गुलाब उद्यान उभे राहिले. सुमारे 30 एकरांवरील या उद्यानात दरवर्षी फेब्रुवारीत गुलाब महोत्सव भरतो. शहराचे सेक्टर क्रमांक शेजारच्या मोहालीत पुढे चालू राहतात. तेथील सेक्टर 67 मध्ये राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजेच नायपर आहे आणि तिच्यात नैसर्गिक उत्पादनांचा स्वतंत्र विभाग आहे. उद्यानात फूल डोळ्यांना आनंद देते. औषधी वनस्पतींच्या अभ्यासात तेच फूल वनस्पतीची ओळख पटविणारा पुरावा ठरते. सदाफुली अंगणात शोभेची असते, तर औषधशास्त्रात ती कर्करोगावरील विनक्रिस्टीन व विनब्लास्टीन या औषधांचा स्रोत आहे.

फुलाच्या छायाचित्रालाही अशाच दोन भूमिका असतात. एक कलाचित्राची, दुसरी नोंदचित्राची. संगणकावर छायाचित्रांचे थर रचणे आता सर्वांच्या आवाक्यात आल्यामुळे या भूमिकांची गल्लत होऊ लागली आहे. तिची किंमत अनेकदा शेतकऱ्यास मोजावी लागते.

थर म्हणजे काय?

कापडावरील ठसेछपाईत प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा असतो आणि एकावर एक उमटून नक्षी पूर्ण होते. संगणकीय थरांचे तत्त्व यापेक्षा फार वेगळे नाही. फोटोशॉप ही प्रणाली 1990 मध्ये बाजारात आली आणि 1994 च्या आवृत्तीत तिला थरांची सोय मिळाली. आज गिम्प व क्रिटा या विनामूल्य प्रणालींतही ती उपलब्ध आहे.

चित्रातील प्रत्येक बिंदूची उजळता साधारणतः 0 ते 255 या अंकांत साठविलेली असते. दोन थर एकत्र येताना या अंकांवर गणित केले जाते. ‘मल्टिप्लाय’ पद्धतीत उजळतांचा गुणाकार होतो. त्यामुळे वरच्या थरातील पांढरा भाग नाहीसा होतो व गडद भाग अधिक गडद होतो. ‘स्क्रीन’ पद्धतीत याच्या उलट घडते. काळा भाग नाहीसा होतो व चित्र उजळते. ‘मास्क’च्या साहाय्याने थराचा कोणता भाग दिसावा व कोणता झाकावा हे ठरविता येते. मूळ चित्र मात्र अबाधित राहते.

सोपी कृती

गुलाबाच्या काही पाकळ्या खिडकीच्या काचेवर अलगद चिकटवून त्यांचे छायाचित्र घ्यावे. मागून प्रकाश आल्याने शिरांचे जाळे स्पष्ट दिसते. दुसरे छायाचित्र हातकागदाच्या पृष्ठभागाचे घ्यावे. कागद खाली व पाकळ्या वर ठेवून ‘मल्टिप्लाय’ पद्धत निवडल्यास पार्श्वभूमीचा पांढरेपणा निघून जातो आणि पाकळ्या कागदावरच दाबून वाळविल्यासारख्या भासतात. त्यावर झेंडूच्या फुलाचा तिसरा थर अर्धपारदर्शक करून ठेवल्यास नक्षी तयार होते. अशा नक्षी दिनदर्शिका, शुभेच्छापत्रे किंवा गुलकंदाच्या वेष्टनासाठी वापरता येतात. ए-4 आकाराच्या दर्जेदार छपाईसाठी चित्र किमान 2480 × 3508 बिंदूंचे असावे.

भर उन्हात लाल गुलाबाचे छायाचित्र घेतल्यास लाल रंगाची नोंद 255 या कमाल अंकाला भिडते आणि पाकळ्यांच्या घड्या पुसल्या जाऊन सपाट लाल डाग उरतो. नंतर कितीही थर चढविले तरी तो तपशील परत येत नाही. म्हणून छायाचित्र सावलीत घ्यावे किंवा प्रकाशनोंद थोडी कमी ठेवावी.

थर सत्यही दाखवितात

थर रचणे म्हणजे नेहमीच फसवणूक नव्हे. अगदी जवळून छायाचित्र घेताना फुलाचा थोडाच भाग सुस्पष्ट येतो. अशा वेळी कॅमेरा न हलविता, केंद्रबिंदू क्रमाने पुढे सरकवीत अनेक छायाचित्रे घेतात आणि त्यांतील सुस्पष्ट भाग एकत्र जोडतात. पाकळ्यांच्या बेचक्यात दडलेल्या, जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या फुलकिड्यांची ओळख पटविण्यास असे चित्र उपयुक्त ठरते.

सूर्यफुलाच्या पाकळ्या आपणांस सर्वत्र पिवळ्या दिसतात. अतिनील प्रकाशात मात्र त्यांचा आतील भाग गडद दिसतो. मधमाशीला अतिनील किरण दिसत असल्याने तिला फुलाच्या मध्याभोवती जणू एक लक्ष्यवर्तुळच दिसते. विशेष कॅमेऱ्याने घेतलेले अतिनील चित्र नेहमीच्या चित्रावर थर म्हणून ठेवल्यास परागीभवनाचा हा धडा शेतकरी मेळाव्यात सहज समजाविता येतो.

निळ्या गुलाबाचा धडा

समाजमाध्यमांवर गर्द निळ्या गुलाबाची छायाचित्रे दाखवून बियाणे विकण्याचे प्रकार आढळतात. गुलाबात निळसर छटेसाठी लागणारे डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य नैसर्गिकरीत्या तयार होत नाही. जपानच्या सन्टोरी कंपनीने पॅन्सी फुलातील जनुक वापरून असा गुलाब विकसित केल्याचे 2004 मध्ये जाहीर केले. ‘अप्लॉज’ या नावाने तो 2009 पासून जपानमध्ये विक्रीस आला. त्याचाही रंग गर्द निळा नसून फिकट जांभळा आहे. बाजारात मिळणारे निळे गुलाब सामान्यतः पांढऱ्या फुलांना रंग देऊन बनविलेले असतात. शिवाय गुलाबाच्या वाणाची अभिवृद्धी खुंटावर डोळा भरून केली जाते, कारण बियांपासून वाणाचे गुणधर्म जसेच्या तसे उतरत नाहीत. ज्या शेतकऱ्यास ही बाब ठाऊक आहे, तो केवळ छायाचित्र पाहून फसत नाही.

हरितगृहातील गुलाबाची लागवड एका हंगामापुरती नसते, ती काही वर्षांची गुंतवणूक असते. ती चित्रातील रंगावर विसंबून करू नये. शोभिवंत पिकांच्या वाणांचा रंग ठरविताना तज्ज्ञही पडद्यावरील चित्रावर अवलंबून राहत नाहीत. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रमाणित रंगतक्त्याशी प्रत्यक्ष फूल ताडून पाहिले जाते. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, 2001 नुसार नव्या वाणाची नोंदणी करताना वेगळेपणा, एकसारखेपणा व स्थैर्य तपासले जाते. तेथे सजविलेल्या चित्राला स्थान नाही.

नोंदचित्राची शिस्त

विस्तार कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी पुढील बाबी पाळाव्यात.

1. वाण, रोग किंवा किडीच्या चित्रावर रंगबदल अथवा फिल्टर वापरू नये. मोबाइलमधील ‘सौंदर्य’ सुविधा बंद ठेवावी.
2. चौकटीत मोजपट्टी व पांढरा किंवा राखाडी कागद ठेवावा. त्यामुळे आकार व रंग यांचा अंदाज बांधता येतो.
3. तारीख, गाव, वाण व पिकाची अवस्था यांची नोंद ठेवावी.
4. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र नेहमीच्या पद्धतीने पाठविल्यास त्यातील तपशील घटतो. निदानासाठी ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.
5. थरचित्र वेगळ्या नावाने साठवावे व त्यावर ‘कलाचित्र’ असे लिहावे. मूळ प्रत कधीही पुसू नये.
6. इतरांचे छायाचित्र थर म्हणून वापरण्यापूर्वी परवानगी घ्यावी. प्रताधिकार अधिनियम, 1957 नुसार छायाचित्रांनाही संरक्षण आहे.

रोपे खरेदी करताना रोपवाटिकेस प्रत्यक्ष भेट देऊन फुललेले मातृवृक्ष पाहावेत. ते शक्य नसल्यास विक्रेत्याकडून साध्या दिवसाच्या उजेडात घेतलेले, कोणताही बदल न केलेले चित्र व वाणाचे नाव लेखी मागावे. फुलांच्या थरचित्रांतून बागायतदाराच्या घरी पूरक उत्पन्न येऊ शकते आणि त्याच्या मालाला देखणे वेष्टनही लाभू शकते. परंतु ज्या चित्राच्या आधारे औषध फवारायचे, रोप विकत घ्यायचे किंवा वाणाची ओळख पटवायची, त्या चित्रावर एकही थर चढता कामा नये.