पाण्याखालचा स्वयंचलित तपासनीस

घराच्या भिंतीस चीर पडली तर गवंडी येऊन पाहतो. विहिरीचें बांधकाम ढासळलें तर पाणी उपसून माणूस आंत उतरतो. परंतु जें बांधकाम खोल पाण्यांत आहे आणि जेथील पाणी उपसतां येत नाहीं, त्याची तपासणी कोणीं करावी?

अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरापुढें हाच प्रश्न उभा राहिला. त्या शहराचें सुमारें निम्में पाणी डेलावेअर नांवाच्या 85 मैल लांबीच्या बोगद्यांतून येतें. त्याच्या 45 मैलांच्या एका भागास गळती लागली. दररोज साडेतीन कोटी गॅलनपर्यंत पाणी वाया जाऊं लागलें, आणि वावरसिंग येथील रहिवाशांच्या तळघरांत पाणी शिरूं लागलें. बोगदा रिकामा करावा, तर शहराचें पाणी तुटतें. न करावा, तर गळती कोठें आहे हें समजत नाहीं.

तेव्हां वुड्स होल येथील सागरविज्ञान संस्थेनें टॉर्पेडोच्या आकाराचें एक स्वयंचलित यंत्र तयार केलें. इतक्या लांब दोर नेणें अशक्य; बिनतारी लहरीही पाण्यांत लवकरच विरून जातात. म्हणून या यंत्रास बाहेरून हुकूम देण्याची सोय नव्हती. वीज त्याच्या पोटांतील विद्युत्घटांत, आणि मार्ग राखण्याची योजना त्याच्याच गणकयंत्रांत! भिंतीवर आदळूं नये म्हणून त्यास माशाच्या मिशांसारख्या काड्या लाविल्या होत्या.

जून 2003 मध्यें या यंत्रानें तो 45 मैलांचा भाग पार केला व दिव्यांच्या उजेडांत सुमारें 1,60,000 छायाचित्रें घेतलीं. शिवाय पाण्याचा दाब व वेग यांची नोंद केली. त्यावरून गळतीचें स्थान व स्वरूप ठरविण्यास मोठें साहाय्य झालें. 2013 सालीं हडसन नदीखालून अडीच मैलांचा पर्यायी बोगदा बांधण्यास प्रारंभ झाला, आणि 2019 सालीं त्याचें खोदकाम पार झालें.

समुद्रांत तर दर 10 मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाइतका दाब वाढतो. 1,000 मीटरांवर तो पृष्ठभागावरील दाबाच्या सुमारें शंभरपट होतो. तेथें पाणबुड्या माणसाचा निभाव लागणें कठीण. म्हणून तळाशीं टाकलेल्या तेलाच्या नळांची पाहणीही आतां अशीं यंत्रें करतात.

विद्यार्थिमित्रांनो, यंत्र केवळ दोष दाखवितें. तो दूर करण्याचा निश्चय आणि त्यासाठीं वर्षानुवर्षें करावयाचे श्रम हीं माणसाचींच कामें होत.