काळा पाषाण आणि मांजऱ्या

सोनपेठ भागात विहीर खोदणारा माणूस परसा-परसाने खडकाचा हिशेब सांगतो. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मध्येच एखादा गेरूसारखा लाल पट्टा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याचे हे थर. गेल्या साठ वर्षांत आमच्या गोदावरीवर जे काही बांधलं गेलं, त्याचा पाया याच थरांत आहे.

कोयना धरणाला सह्याद्रीची अरुंद दरी मिळाली. 103 मीटर उंच भिंत जेमतेम 800 मीटर लांबीत बसली. मराठवाड्यात गोदावरी पसरट खोऱ्यातून वाहते. म्हणून 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेलं जायकवाडी धरण मातीचं झालं : उंची 41 मीटर, लांबी मात्र सुमारे 10 किलोमीटर. एवढ्या लांबीत पायाखालचा खडक एकसारखा कुठून असणार?

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले आर. बी. गुप्ते यांनी याच प्रश्नात आयुष्य घातलं. धरणांचे पाये तपासताना त्यांना दिसलं ते डोळ्यांना पटणारं नव्हतं. घणालाही दाद न देणारा काळा पाषाण उभ्या-आडव्या सांध्यांनी चिरलेला असतो आणि पाणी त्या सांध्यांतून निसटतं. पांढऱ्या खड्यांनी भरलेला, दिसायला कच्चा मांजऱ्या मात्र कुजलेला नसेल तर सलग असतो, पाणी धरतो. महाराष्ट्राच्या भूशास्त्रातलं मला हे सगळ्यांत मोलाचं निरीक्षण वाटतं.

याच खडकाला भूकंपाचे धक्केही बसले. 11 डिसेंबर 1967 ला कोयना हादरली, धरणाच्या भिंतीला तडे गेले. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारी कोसळली. तिथे नंतर घेतलेल्या बोअरमध्ये लाव्ह्याचे थर 338 मीटरवर संपले, त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइट लागला. आपल्या पायाखालच्या खडकाला तळ आहे, हे तेव्हा आकड्यात कळलं.

आमच्या तालुक्यातल्या खडका बंधाऱ्याचं पाणी परळीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्र बंद पडलं. त्या उन्हाळ्यात गाळ काढायला विहिरीत उतरलो होतो. काळ्या पाषाणाच्या भेगांत बोट घातलं तर आत कोरडी माती. आषाढात पुन्हा पाहिलं, तेव्हा त्याच भेगांतून पाणी झिरपत होतं आणि खालच्या मांजऱ्यावर येऊन थांबत होतं.