दाजींचे आजारपण अमेरिकेत, सातबारा इकडे

आपल्या भागातून १९७०-८० च्या सुमारास अमेरिकेत गेलेली मंडळी आता सत्तरी-ऐंशीत पोचली आहेत. त्यामुळे रक्तदाब तपासून घेता घेता लोक मला तिकडच्या आजारपणाविषयीही विचारतात. अलीकडे हमखास येणारा प्रश्न असा: "डॉक्टर, दाजींना स्मृतिभ्रंश झालाय. नर्सिंग होमचा खर्च तिकडचे सरकार देते म्हणे. मग ताईने घर मुलाच्या नावावर करून टाकावे का? आणि इकडच्या जमिनीचे हक्कसोडपत्रही आताच उरकावे का?"

मी वकील नव्हे. पण या प्रश्नाचे घड्याळ आजाराच्या हाती असते, म्हणून लिहितो.

आधी नावांचा घोळ. 'मेडिकेअर' ही मुख्यतः पासष्टीनंतरची योजना. इस्पितळातून सुटल्यावर नर्सिंग किंवा फिजिओथेरपी लागली तर ती जास्तीत जास्त १०० दिवस मदत करते, त्यातले पहिले २० दिवसच पूर्ण. अंघोळ घालणे, भरवणे, रात्री घराबाहेर भटकू न देणे, ही वर्षानुवर्षांची सेवा तिच्यात बसत नाही. तो खर्च 'मेडिकेड' उचलते, पण ती गरिबांची योजना. बहुतेक राज्यांत रुग्णाच्या नावे २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही.

मग धडधाकट बायकोने उघड्यावर पडायचे काय? नाही. १९८८ च्या कायद्याने तिचा वाटा राखून ठेवला आहे. २०२५ साली तो राज्यानुसार ३१,५८४ ते १,५७,९२० डॉलर होता. ती राहते ते घर त्यात धरत नाहीत. नवऱ्याने घर बायकोच्या नावे केले तर दंडही नाही.

मुलाच्या नावे केले की गाडी अडते. अर्जाआधीच्या पाच वर्षांत जे फुकट दिले ते सारे तपासले जाते. समजा, १,२०,००० डॉलर दिले आणि त्या राज्यात नर्सिंग होमचा सरासरी मासिक खर्च १२,००० धरला आहे. तर दहा महिने मदत बंद. हे महिने देणगीच्या दिवसापासून मोजत नाहीत, पैसे संपून रुग्ण पात्र ठरल्यावर मोजतात! करमाफीच्या मर्यादेतली देणगी चालते, असे पुष्कळांना वाटते. चालत नाही; आयकराचा हिशेब निराळा. मात्र ज्या मुलाने निदान दोन वर्षे त्याच घरी राहून वडिलांची सेवा केली, आणि त्यामुळे नर्सिंग होम लांबले, त्याला घर देता येते. अपंग अपत्यालाही देता येते.

आता हक्कसोडपत्र. आपल्याकडे भावासाठी बहीण सहज सही करते, साडीचोळी होते, विषय संपतो. मेडिकेडच्या लेखी मात्र ती देणगी, सही नवऱ्याची असो वा बायकोची. जमीन परदेशात आहे म्हणून अर्जातून वगळताही येत नाही. भावांनी घाई केली तर भुर्दंड ताईला.

आणखी एक. ताई आधी गेली आणि मृत्युपत्राने घर पुन्हा दाजींकडे आले, तर सगळे मुसळ केरात. पंचावन्न वर्षांनंतर झालेला असा खर्च रुग्णामागे उरलेल्या मालमत्तेतून वसूल करण्याचे बंधन १९९३ पासून राज्यांवर आहे. पती वा पत्नी हयात असेपर्यंत तेवढी वसुली होत नाही. म्हणून घर नावावर होताच तिने मृत्युपत्र बदलावे.

स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला रुग्णाला कागद समजतो, सही ग्राह्य धरली जाते. वर्ष-दोन वर्षांनी समजेलच असे नाही. मग पालक नेमायला कोर्टात जावे लागते. निदान झाल्या महिन्यातच मुखत्यारपत्र करावे आणि समज शाबूत असल्याची तारखेसह नोंद डॉक्टरांकडून घ्यावी. राज्याराज्यांत फरक आहेत, तेव्हा मेडिकेडची कामे करणारा तिथलाच वकील गाठावा. जाताना पाच वर्षांचे बँकेचे उतारे, घराचे खरेदीखत आणि इकडचा सातबारा बरोबर न्यावा.